बीएमसी बी-सिरीज इंजिन बांधताना कॅम आणि क्रँकच्या खुणा कशा जुळवायच्या

ॲम्बेसेडरचं १४८९ सीसी पेट्रोल इंजिन, मॉरिस ऑक्सफर्डचं तेवढ्याच सीसीचं इंजिन, एमजीए आणि १७९८ सीसीची एमजीबी, ही सगळी ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या बी-सिरीज या एकाच घराण्यातली. खाली कॅम (पुशरॉडच्या दांड्यांनी व्हॉल्व्ह उघडणारा शाफ्ट), पुढच्या बाजूला त्याला क्रँकशी (पिस्टनमुळे फिरणाऱ्या मुख्य शाफ्टशी) जोडणारी चेन, फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडर पेटायचा क्रम, १-३-४-२. टायमिंग (पिस्टनच्या कुठल्या जागेला व्हॉल्व्ह उघडतो-मिटतो ते) लावायची पद्धत सगळ्यांची सारखीच, पण कॅम मात्र सारखा नाही. म्हणून खाली अंशांचे जे आकडे दिलेत ते एमजीबीचे आहेत. ॲम्बेसेडरचा कॅम सौम्य असतो, त्याचे आकडे त्याच्याच मॅन्युअलातून घ्यायचे. डिझेल ॲम्बेसेडर आणि नंतरची इसुझू इंजिनाची ॲम्बेसेडर यांना यातलं काही लागू नाही.

कॅम आणि क्रँकच्या स्प्रॉकेटवरचे, म्हणजे चेनच्या दातेरी चाकांवरचे, दोन ठिपके समोरासमोर आणणं हे पाच मिनिटांचं काम. खरा वेळ जातो तो ते ठिपके खरं बोलताहेत का हे तपासण्यात. पन्नास-साठ वर्षांत अशा इंजिनाला कुठल्या गॅरेजात कुठलं स्प्रॉकेट, कुठली पुली, कुठली चावी (स्प्रॉकेट शाफ्टवर पक्कं धरणारा लोखंडी तुकडा) लागली याचा हिशेब कुणाकडेच नसतो. कंपनीने मारलेली खूण कंपनीच्या जोडीलाच लागू असते. सुटे भाग बदलले की ती फक्त एक खूण उरते.

खूण नेमकं काय सांगते

क्रँकचे दोन फेरे म्हणजे कॅमचा एक. म्हणून कॅमच्या स्प्रॉकेटला क्रँकच्या स्प्रॉकेटपेक्षा दुप्पट दात. दोन्हींवर एकेक पंच मारलेला असतो, कधी बारीक खड्डा, कधी छोटं वर्तुळ. दोन्ही स्प्रॉकेट रॉकेलने घासून धुतल्याशिवाय खूण शोधू नका. जळक्या तेलाच्या थराखाली ती हमखास लपते, आणि गंजाचा एखादा खड्डा खुणेसारखा दिसतो. खरी खूण सापडली की त्यात पांढऱ्या रंगाचा थेंब भरा.

एक दात चुकला तर किती फरक पडतो? ३६० ला क्रँक स्प्रॉकेटच्या दातांनी भागा. वीस दात असतील तर क्रँकचे १८ अंश. इग्निशनच्या बाबतीत आपण दोन-तीन अंशांवरून वाद घालतो, हे लक्षात घेतलं म्हणजे १८ अंशांचं वजन कळेल. तरीही एक दात चुकलेली गाडी चालू होते, रस्त्यावर धावतेही. म्हणूनच ही चूक वर्षानुवर्षं पोटात घेऊन फिरणाऱ्या गाड्या सापडतात.

आणखी एक. ठिपके समोरासमोर आले म्हणजे एक आणि चार नंबरचे पिस्टन वर आले, एवढंच. त्यातला कुठला कॉम्प्रेशनवर आहे हे ठिपक्यांवरून ठरवायला जाऊ नका. ते व्हॉल्व्हवरून ठरवायचं, कसं ते पुढे येईल.

सामान

नवी चेन, टेन्शनरचा (चेन ताणून धरणाऱ्या भागाचा) नवा संच, पुढच्या कव्हरचं पॅकिंग आणि ऑइल सील, दोन्ही लॉक वॉशर, क्रँक आणि कॅमच्या चाव्या. बी-सिरीजमध्ये दुहेरी आणि एकेरी अशा दोन्ही चेनी आल्या आहेत. एमजीए आणि सुरुवातीच्या एमजीबीला दुहेरी, ३/८ इंच पिचची, ५२ कड्यांची. दुकानात जाताना जुनी चेन बरोबर न्या आणि तिथेच कडी मोजा.

स्प्रॉकेट ठेवायचं की बदलायचं हे दातांवरून ठरवा. दात एका बाजूला झुकून हुकासारखे झाले असतील तर जोडीच बदला. झिजलेल्या दातांवर नवी चेन टाकली की चेन थोड्याच दिवसांत त्या दातांसारखी होते, तेव्हा इथे पैसे वाचवण्यात अर्थ नाही. जुन्या चेनची परीक्षा सोपी आहे. धुऊन घ्या, पिना उभ्या राहतील अशी आडवी धरा आणि एक टोक मोकळं सोडा. चांगली चेन जवळजवळ पट्टीसारखी ताठ राहते, झिजलेली कमानीसारखी खाली लोंबते.

हत्यारांत इंचातले पाने, टॉर्क पाना, फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या), एक सरळ स्टीलची पट्टी, १/८ इंचाची ॲलन की, चुंबकी स्टँडसह डायल गेज आणि अंशांची चकती. चकती विकत घ्यायलाच हवी असं नाही. कागदावर छापून ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर चिकटवली तरी चालते, फक्त व्यास १८० मिलिमीटरच्या खाली नको, नाहीतर अंशांच्या रेषा डोळ्यांना वेगळ्या दिसत नाहीत. पिस्टन स्टॉप म्हणून जुन्या प्लगचं शेल घ्या, आतली चिनी माती फोडून काढा आणि त्यात गोल टोकाचा बोल्ट वेल्ड करा.

आधी कॅम आणि क्रँक जागेवर

कॅम बसवून पुढची लोकेटिंग प्लेट आवळली की स्प्रॉकेट तात्पुरतं लावून कॅम पुढे-मागे ढकलून पाहा. खेळ ३ ते ७ हजारांश इंच हवा. जास्त असेल तर प्लेट झिजली आहे. हे आत्ताच पाहायचं, कारण कॅम पुढे-मागे सरकतो तेव्हा डिस्ट्रिब्युटरचं तिरप्या दातांचं गियरही त्याच्याबरोबर फिरतं आणि इग्निशनची वेळ एका जागी थांबत नाही. मग दोष डिस्ट्रिब्युटरवर जातो.

आता दोन्ही स्प्रॉकेट एका रेषेत आणायचे. ही पायरी सर्रास गाळली जाते, आणि चेन एका बाजूने घासून वाजायला लागते. क्रँकवरचे जुने शिम, म्हणजे पातळ चकत्या, काढा. दोन्ही स्प्रॉकेट चेनशिवाय बसवा. क्रँक आणि कॅम दोन्ही मागे, म्हणजे फ्लायव्हीलच्या बाजूला ढकलून धरा. स्टीलची पट्टी कॅम स्प्रॉकेटच्या दातांच्या कडेवर सपाट टेकवा आणि ती क्रँक स्प्रॉकेटपर्यंत आणा. पट्टी आणि क्रँक स्प्रॉकेट यांच्यातली फट फिलरने मोजा. त्या आकड्यातून ५ हजारांश इंच वजा करा, उरेल तेवढ्या जाडीचे शिम क्रँक स्प्रॉकेटच्या मागे घाला. फट २५ आली तर शिम २० चे. क्रँक किंवा कुठलंही स्प्रॉकेट बदललं असेल तर हे माप नव्याने घ्यावंच लागतं, जुने शिम जसेच्या तसे परत टाकून चालत नाही.

चाव्याही तपासा. चावी खाचेत बोटाने हलत असेल, किंवा तिच्या अंगावर पायरी पडली असेल, तर ती फेकून द्या. चावीतला जरासा खेळ स्प्रॉकेटच्या दातांवर जाईपर्यंत वाढतो.

खुणा जुळवणं

प्लग काढलेले, रॉकर शाफ्ट सैल किंवा पुशरॉड बाहेर. म्हणजे जुळणी चुकली तरी व्हॉल्व्हवर जोर येत नाही. क्रँक फिरवून त्याची चावी बरोबर वर, बारा वाजता आणा. कॅमची चावी समोरून पाहताना साधारण एक वाजता ठेवा.

आता स्प्रॉकेट शाफ्टवर नव्हे, टेबलावर. दोन्ही स्प्रॉकेट चेनमध्ये अडकवा आणि दोघांचे ठिपके एकमेकांकडे तोंड करून, जवळात जवळ आणा. हा सगळा जुडगा दोन्ही हातांनी तसाच धरून इंजिनापाशी न्या. आधी क्रँक स्प्रॉकेटची खाच क्रँकच्या चावीवर बसवा. मग कॅम हळूच फिरवून त्याची चावी कॅम स्प्रॉकेटच्या खाचेसमोर आणा. इथे फिरवायचा तो कॅम. स्प्रॉकेट फिरवलं की चेनमधला दात बदलतो. दोन्ही एकदम, थोडं थोडं करत आत सरकवा. अडलं तर हातोडी घेऊ नका, चावी वर उचलली गेली आहे का ते पाहा.

ठिपके तपासताना नेहमीची चूक अशी होते की लोक ते उभ्या रेषेत शोधतात. बी-सिरीजचा कॅम क्रँकच्या थेट वर नाही. समोरून बघणाऱ्याच्या उजव्या हाताला तो सरकलेला आहे, त्यामुळे दोन केंद्रांना जोडणारी रेषा तिरकी असते आणि ठिपके त्या तिरक्या रेषेवर यायला हवेत. पट्टीची कड क्रँकच्या टोकाच्या मध्यावर आणि कॅमच्या टोकाच्या मध्यावर धरा. दोन्ही ठिपके त्या कडेखाली आले पाहिजेत.

पाहण्याआधी चेनची ढील योग्य बाजूला घ्या. इंजिन समोरून घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरतं, म्हणजे उजवीकडची बाजू ओढली जाते आणि ढील डावीकडे, टेन्शनरच्या बाजूला जमते. क्रँक त्याच दिशेने किंचित फिरवून उजवी बाजू ताणली की मगच डोळा लावा. ढील उजवीकडे राहिली तर बरोबर बसवलेली जोडीही अर्धा दात चुकलेली दिसते, आणि मग माणूस ती बिघडवून ठेवतो.

कॅमचा नट लॉक वॉशरसह आवळा. एमजीबीसाठी टॉर्क ६० ते ७० फूट-पौंड, म्हणजे साधारण ८१ ते ९५ न्यूटन-मीटर. लॉक वॉशरचं पान आत्ताच दुमडू नका, तपासणी बाकी आहे.

टेन्शनर

रेनॉल्ड टेन्शनर असलेल्या इंजिनात हा भाग घाईने बिघडतो. स्लिपरच्या रबरी तोंडावर चेनच्या खोल खाचा पडल्या असतील तर तो बदला. बॉडीचं भोक तोंडाशी अंडाकृती झालं असेल आणि फरक ३ हजारांश इंचापेक्षा जास्त असेल तर पूर्ण टेन्शनरच बदलावा लागतो. तेलाचं भोक तारेने साफ करा. हा टेन्शनर स्प्रिंगइतकाच तेलाच्या दाबावर चालतो, भोक बुजलं की चेन कव्हरवर आपटते.

बसवताना स्लिपर आत ओढून अडकवलेला असतो. बॉडी दोन बोल्टांनी आवळली की खालचा प्लग काढा, ॲलन की आत घाला आणि घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवा. अडकवलेला स्लिपर सुटतो आणि स्प्रिंगच्या जोराने चेनवर येतो. उलटी की फिरवायची नाही, आणि स्लिपर स्क्रूड्रायव्हरने चेनवर ढकलायचाही नाही. तसं केलं की आतली दात्यांची यंत्रणा एक पायरी जास्त पुढे जाते, चेन तारेसारखी ताणली जाते आणि गुणगुणत राहते. प्लग परत लावून त्याचं लॉक दुमडा.

खुणा खऱ्या आहेत का

क्रँक हाताने, घड्याळाच्या काट्याच्या दिशेने, पूर्ण दोन फेरे फिरवा. ठिपके परत समोरासमोर आले पाहिजेत. एकाच फेऱ्यानंतर कॅमचा ठिपका पार दुसऱ्या टोकाला दिसेल, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. फिरवताना खूण ओलांडली तर थेट मागे येऊ नका. पाव फेरा मागे जा आणि परत पुढून या, नाहीतर ढील चुकीच्या बाजूला जाते.

यातून जोडणी बरोबर झाल्याचं कळतं. खुणा बरोबर आहेत हे त्यातून कळत नाही. त्यासाठी व्हॉल्व्हकडे जायचं. हेड आणि रॉकर बसवा, टॅपेटची फट मॅन्युअलप्रमाणे लावा. व्हॉल्व्हचा क्रम पुढून मागे असा आहे: एक्झॉस्ट, इनलेट, इनलेट, एक्झॉस्ट, एक्झॉस्ट, इनलेट, इनलेट, एक्झॉस्ट.

क्रँक फिरवत चार नंबरच्या सिलिंडरचे दोन व्हॉल्व्ह पाहा, म्हणजे मागचे शेवटचे दोन. शेवटचा, एक्झॉस्टचा, बंद होत आला आहे आणि त्याच्या अलीकडचा, इनलेटचा, उघडायला लागला आहे, अशी जागा येते. दोन्ही रॉकर जरा जरा दबलेले असतात, क्रँक थोडा पुढे-मागे केला की एक वर जातो, दुसरा खाली. याच जागेला चार नंबर क्रॉसवर आला म्हणायचं. या क्षणी एक नंबरचा पिस्टन कॉम्प्रेशनच्या टोकावर असतो.

आता पुलीकडे बघा. चार नंबर क्रॉसवर असताना पुलीची खूण टीडीसीच्या (पिस्टनच्या सर्वांत वरच्या जागेच्या) आसपास असली पाहिजे. एमजीबीच्या कॅममध्ये इनलेट टीडीसीच्या १६ अंश आधी उघडतो आणि एक्झॉस्ट २१ अंश नंतर बंद होतो, त्यामुळे टीडीसीवर दोन्ही जवळजवळ सारखेच, किंचितच उघडे असतात. कॅम १८ अंश उशिरा असेल तर इनलेट टीडीसीच्या २ अंश नंतर उघडेल. म्हणजे टीडीसीवर इनलेटचा पत्ताच नाही आणि एक्झॉस्ट मात्र चांगला उघडा. कॅम १८ अंश लवकर असेल तर नेमकं उलटं. इनलेट भरपूर उघडा आणि एक्झॉस्ट जवळपास बंद. हा फरक नुसत्या बोटाला कळतो, गेज लागत नाही. दाताची चूक पकडण्यासाठी एवढी तपासणी पुरते, आणि प्रत्येक इंजिनावर ती केलीच पाहिजे.

खरी टीडीसी

पुलीच्या खुणेवर मात्र आंधळा विश्वास नको. पुली दुसऱ्या मॉडेलची असू शकते, काटा वाकलेला असू शकतो. रबराचा थर असलेल्या पुलीत तर बाहेरचं कडं वर्षांनुवर्षं इंचइंच सरकत जातं आणि खूण त्याच्याबरोबर जाते.

हेड काढलेलं असेल तर पिस्टनवर डायल गेज लावून सर्वांत वरचा बिंदू शोधावा, असं वाटतं. पण पिस्टन टोकाशी रेंगाळतो. १४८९ चा स्ट्रोक ८८.९ मिलिमीटर आहे. टीडीसीपासून क्रँक २ अंश फिरला तरी पिस्टन जेमतेम ०.०३ मिलिमीटर खाली येतो, ५ अंशांना सुमारे ०.२ मिलिमीटर. गेजचा काटा तिथे थबकलेलाच दिसतो आणि दोन-तीन अंश सहज चुकतात.

त्यापेक्षा पिस्टन स्टॉप भरवशाचा. पिस्टन अर्ध्यावर उतरवा, एक नंबरच्या प्लगच्या भोकात स्टॉप लावा, क्रँकच्या टोकाला अंशांची चकती बसवा आणि ब्लॉकला तारेचा काटा बांधा. क्रँक हळूच घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवा, पिस्टन स्टॉपला टेकला की आकडा लिहा. मग उलट दिशेने फिरवून दुसऱ्या बाजूने टेकवा, तो आकडा लिहा. एका बाजूला टीडीसीच्या आधी २४ आणि दुसऱ्या बाजूला नंतर २० आले, तर तुमचा शून्य २ अंश चुकला आहे. तारेचा काटा वाकवा, दोन्हीकडे २२ येईपर्यंत. शून्य आता खरा. हे करताना स्टार्टर वापरायचा नाही आणि हँडलला झटका द्यायचा नाही. ॲल्युमिनियमच्या पिस्टनला बोल्टचा ठोसा बसला की खळगा पडतो. आणि स्टॉप काढल्याशिवाय पुढचं काही करू नका.

खरा शून्य मिळाला की पुलीवर नवी रेघ कोरा. जुन्या कव्हरवर काटे बहुतेक खालच्या बाजूला असतात. सर्वांत लांब तो टीडीसीचा, बाकीचे दोन ५ आणि १० अंश आधीचे.

कॅमचं मधलं टोक मोजणं

कॅम नव्याने घासलेला असेल, किंवा स्प्रॉकेटच्या जोडीबद्दल शंका असेल, तर पुढचं मोजमाप करा. मधलं टोक म्हणजे कॅमने व्हॉल्व्ह सर्वांत जास्त उघडलेला असतो तो क्षण. साध्या रिंग-बेअरिंगच्या कामात, जुने भाग एकत्रच राहिले असतील तर, हे टाळलं तरी बिघडत नाही.

एक नंबरच्या इनलेट पुशरॉडच्या टोकावर डायल गेज सरळ रेषेत टेकवा, रॉकर बाजूला केलेला. क्रँक फिरवून सर्वांत वरचा बिंदू गाठा, गेज शून्य करा. इथेही टोकाशी तीच रेंगाळ आहे, म्हणून टोक थेट वाचायचं नाही. क्रँक अर्धा फेरा मागे नेऊन परत पुढे आणत या. गेज ५० हजारांश इंच खाली असताना, म्हणजे टोक यायच्या आधी, चकतीवरचा आकडा लिहा. पुढे जात राहा, टोक ओलांडून गेज परत ५० ने खाली उतरला की दुसरा आकडा लिहा. समजा टीडीसीनंतर ६२ आणि १५८ आले. बेरीज २२०, निम्मे ११०. इनलेटचं मधलं टोक टीडीसीनंतर ११० अंशांवर.

एमजीबीचा इनलेट १६ अंश आधी उघडून बीडीसीनंतर (पिस्टनच्या सर्वांत खालच्या जागेनंतर) ५६ अंशांवर मिटतो. एकूण २५२ अंश उघडा, निम्मे १२६, त्यातून १६ गेले, राहिले ११०. आकडा जुळला. एक-दोन अंश इकडेतिकडे आले तर सोडून द्या. चार-पाच अंशांचा फरक दाताने निघत नाही, तो ऑफसेट चावीने काढायचा. पायरी असलेली ही चावी कॅम स्प्रॉकेट कॅमच्या तुलनेत किंचित फिरवून बसवते. चावी उलटी लावली तर कॅम पुढे यायचा तो मागे जातो, म्हणून बसवल्यावर परत मोजा. विकत घेताना चावीवरचा आकडा क्रँकच्या अंशांत आहे की कॅमच्या, हे विचारून घ्या. दोन्हींत दुपटीचा फरक आहे.

सगळं जुळलं की आता कॅमच्या नटाचं लॉक वॉशर दुमडा.

कव्हर आणि पुली

क्रँकवर ऑइल थ्रोअर, म्हणजे तेल सीलपासून दूर फेकणारी चकती, बसतो. जुन्या प्रकारात त्याची खोलगट बाजू इंजिनापासून दूर, पुढे. नंतरच्या प्रकारावर इंग्रजी एफ अक्षर असतं, तेही पुढेच. थ्रोअर आणि कव्हर एकाच प्रकारचे हवेत, मिसळले की एकतर घासतात किंवा सील गळतं. विसरलात तर सगळं परत उघडावं लागेल.

नव्या सीलच्या ओठात ग्रीस भरा. कव्हरचे बोल्ट सैलच लावा, पुलीला तेल लावून ती सीलमधून आत सरकवा, म्हणजे कव्हर आपोआप मध्यावर येतं, आणि मग बोल्ट आवळा: पाव इंची ६ फूट-पौंड, ५/१६ इंची १४. कव्हर आधी आवळून नंतर पुली घुसवणाऱ्याचं सील एका बाजूने दाबलं जातं. पुलीचा नट ७० फूट-पौंड.

डिस्ट्रिब्युटर

चार नंबर क्रॉसवर, पुली टीडीसीवर. डिस्ट्रिब्युटरचा ड्राइव्ह शाफ्ट बाहेर असेल तर त्याच्या डोक्यात ५/१६ यूएनएफचा साडेतीन इंची बोल्ट लावून तो आत सोडा. दात तिरपे असल्यामुळे आत जाताना शाफ्ट उलट्या काट्याच्या दिशेने फिरतो, तेवढं आधीच मागे धरून सोडावं लागतं. शाफ्टच्या डोक्यातली खाच मध्यावर नाही, एक बाजू मोठी आहे, त्यामुळे डिस्ट्रिब्युटर एकाच प्रकारे बसतो. पण शाफ्ट मात्र अर्धा फेरा उलटा जाऊ शकतो. मग रोटर चार नंबरकडे तोंड करतो, आणि गाडी चालू होण्याऐवजी कार्ब्युरेटरमधून फटाके वाजवते.

बसल्यावर रोटर एक नंबरच्या वायरीकडे असावा आणि डिस्ट्रिब्युटर दोन्ही बाजूंना सारखा फिरवता यावा. व्हर्निअरचा (इग्निशन बारीक जुळवायचा) नट असेल तर तो मधोमध ठेवा. रोटर वरून पाहताना उलट्या काट्याने फिरतो, वायरी त्याच दिशेने १-३-४-२.

चुकलं असेल तर गाडी कसं सांगते

कॅम उशिरा असेल तर इनलेट उशिरा मिटतो. १८ अंशांच्या चुकीत ५६ चे ७४ होतात, आणि पिस्टन वर येताना भरलेलं मिश्रण परत मॅनिफोल्डमध्ये ढकलतो. कॉम्प्रेशन गेज चारही सिलिंडरना सारखंच कमी दाखवतो. हे ‘सारखंच’ महत्त्वाचं. रिंगा किंवा व्हॉल्व्ह गेले असतील तर चार आकडे चार तऱ्हेचे येतात. चारही एकसारखे कमी आले, तेही ताज्या बांधलेल्या इंजिनाचे, तर हेड उतरवण्याआधी टायमिंग कव्हर उघडा. चढावर दम लागतो, खालच्या गिअरवर यावं लागतं, कार्ब्युरेटर शिंकतो.

कॅम लवकर असेल तर उलट. कॉम्प्रेशन जरा जास्तच दिसतं, त्यामुळे लोक खूश होतात. पण आयडलिंग अडखळतं आणि वेग वाढला की इंजिनाचा जोर संपतो.

दोन्हींत एक खूण समान आहे. डिस्ट्रिब्युटर कॅमवर चालतो, म्हणून कॅम चुकला की इग्निशनही तेवढंच चुकतं. टायमिंग लाइट लावून इग्निशन जुळवायला गेलात आणि डिस्ट्रिब्युटर एका टोकाला टेकेपर्यंत फिरवावा लागला, किंवा व्हॅक्यूमची डबी ब्लॉकला अडली, तर दोष डिस्ट्रिब्युटरचा नसण्याचीच शक्यता जास्त. शाफ्ट एक दात चुकला असेल तरी असंच होतं, म्हणून आधी क्रॉसची तपासणी करा. ती बरोबर आली तर शाफ्ट काढा, चुकीची आली तर कव्हर.

पहिल्यांदा चालू करताना

प्लग काढलेल्या इंजिनाला स्टार्टरने फिरवून तेलाचा दाब येईपर्यंत थांबा, म्हणजे टेन्शनरमध्येही तेल भरतं. कॅम आणि टॅपेट नवे असतील तर टॅपेटच्या तळाला आणि कॅमच्या टोकांना असेंब्ली पेस्ट लावलेली हवी, आणि इंजिन चालू झाल्या झाल्या ते आयडलवर न सोडता सुमारे २००० आरपीएमवर वीस मिनिटं ठेवा. सपाट टॅपेटला तेल मिळतं ते मुख्यतः क्रँकच्या उडवण्यातून, आयडलवर ते पुरेसं पोहोचत नाही. नव्या कॅमवर जुने टॅपेट कधीही टाकू नका.

सुरुवातीचे काही सेकंद पुढून चेनचा खुळखुळाट आला तर दाब चढला की तो थांबायला हवा. थांबला नाही तर इंजिन बंद करा आणि टेन्शनरचा स्लिपर सुटला होता का ते पाहा. गार झाल्यावर हेडचे नट मॅन्युअलच्या क्रमाने परत आवळा आणि टॅपेट पुन्हा लावा, कारण हेड दबलं की टॅपेटची फट बदलते. इग्निशनचा अंतिम आकडा त्यानंतरच लाइटने घ्यायचा, नव्या कोरलेल्या रेघेवर.